सायगॉनची खाऊसहल, स्कूटरच्या मागच्या सीटवरून

आधी तक्रार सांगते, म्हणजे पुढचं कौतुक मोकळ्या मनाने करता येईल.

माझी नणंद माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ घालून तिला वीस वर्षं होऊन गेली. मासळी-मटण सुटलंच, शिवाय चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. आम्ही दोघी व्हिएतनाममधल्या सायगॉनला स्कूटरवरच्या खाऊटूरवर निघालो तो दिवस कोजागरीचा, ६ ऑक्टोबर २०२५, म्हणजे चातुर्मास चालूच. टूरवाल्यांना मी घरून निघायच्या आधी दोनदा लिहून कळवलं होतं की एक बाई पूर्ण शाकाहारी आहे, अंडं नाही, मासा नाही, माशाचा रससुद्धा नाही. 'काळजी करू नका' असं उत्तरही आलं होतं. आणि पहिल्याच गरम खाण्याच्या ठिकाणी तिने पानात गुंडाळलेला घास समोरच्या वाटीत बुडवला, तोंडात घातला आणि तशीच थांबली. वाटीत नुओक माम होतं.

नुओक माम म्हणजे माशाचं पाणी. आपल्या मांदेलीच्या कुळातले बारीक मासे मिठात घालून लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने मुरवतात आणि जे तांबूस पाणी खाली निथळतं, ते हे. फु क्वोक बेटाचं फार नावाजलेलं. साखर, लिंबू, मिरची आणि पाणी घालून त्याची पातळ चटणी करतात आणि ती तिथे आपल्याकडच्या मिठासारखी प्रत्येक पानाशी येते. दिसायला स्वच्छ, सरबतासारखी. न सांगता कुणालाही कळायची नाही.

नणंद उठली, बाजूच्या नळावर खळखळून चुळा भरल्या, डोळे मिटून उभी राहिली. आमची गाइड पोरगी, वीस-एकवीस वर्षांची, रडवेली झाली. मी तिला चार शब्द सुनावणार होते. नणंद परत आली आणि मला म्हणाली, "वहिनी, तिला काही बोलू नको. पोर घाबरली आहे बघ." मी गप्प बसले. पण ही चूक लहान नव्हती आणि ती त्या पोरीपेक्षा तिच्या कंपनीची जास्त होती. आमचा निरोप तिच्यापर्यंत 'एक व्हेजिटेरियन' एवढाच पोचला होता. तुमच्या घरातलं कुणी व्रताचं, माळेचं असेल तर लिहून कळवण्यावर थांबू नका. स्कूटरवर बसायच्या आधी गाइडला समोर उभं करून एकेक वस्तू सांगा. तिकडे शाकाहाराला 'आन चाय' म्हणतात. 'चाय' हा शब्द पाठ करा, आणि 'खोम नुओक माम', म्हणजे माशाचं पाणी नको, हेही.

एवढं झाल्यावरही मी ही टूर घ्या म्हणते. का, ते सांगते.

मी डोंबिवलीत खाणावळ चालवते, सव्वीस वर्षं झाली. माहेर कुडाळजवळचं. परगावी गेले की देवळं-राजवाडे बघते, पण माझे डोळे खरे उघडतात ते कुणीतरी चुलीसमोर बसलेलं दिसलं की. हात कसा चालतो, जाळ किती ठेवलाय, पीठ सैल की घट्ट, एका घाण्याला किती वेळ लागतो, हे बघायला मला मिळालं पाहिजे. हॉटेलात बसून ते मिळत नाही, आणि नुसतं नकाशा घेऊन फिरलं तर कुठली गाडी चांगली ते कळत नाही. म्हणून ही टूर घेतली. संध्याकाळी सहाला आपल्या हॉटेलवरून उचलायचं, चार तास फिरवायचं, सहा ठिकाणी खायला घालायचं आणि परत सोडायचं. प्रत्येक पाहुण्यामागे एक स्कूटर आणि एक पोरगी. आम्ही माणशी १० लाख डाँग दिले. आकडा ऐकून घाबरू नका, तेव्हा रुपयाला साधारण ३०० डाँग पडत होते, म्हणजे सुमारे ३,३०० रुपये. खाणं-पिणं, हेल्मेट, रेनकोट सगळं त्यात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा सहली काढणारे तिथे पुष्कळ आहेत आणि सगळा खेळ तुम्हाला गाइड कोण मिळते त्यावर आहे. आमची चांगली निघाली.

पहिली दहा मिनिटं मी तिला घट्ट धरून बसले होते. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे प्रत्येक वळणाला आपण चुकीच्या बाजूला शिरतोय असं वाटतं. सिग्नलला शंभरेक स्कूटर एकमेकींना खेटून उभ्या, आणि हिरवा दिवा लागला की सगळ्या एकदम निघतात, पण कुणी कुणावर ओरडत नाही. पोरगी म्हणाली, "को, हवं तर मला मिठी मारा. भाड्याच्या स्कूटरला आम्ही 'से ओम' म्हणतो, ओम म्हणजे मिठीच." हा 'को' शब्द मला फार आवडला. तिथे अनोळखी माणसालाही नात्यानेच हाक मारतात. को म्हणजे आत्या. धाकट्याला 'एम', मोठ्या बहिणीच्या वयाची असेल तर 'ची'. खानावळीत कुणाला बोलवायचं तर 'एम ओय!', म्हणजे 'ए बाळा' किंवा 'अगं बाई' म्हणावं तसं. माझ्या मुलांची आत्या शेजारच्या स्कूटरवर बसलेलीच होती, त्यामुळे तिला तर हे नाव अगदी चपखल बसलं.

हेल्मेट चांगलं मिळालं, पट्टा त्या मुलींनी स्वतः घट्ट करून दिला. तिथे २००७ च्या डिसेंबरपासून हेल्मेटची सक्ती आहे आणि मागे बसणाराही त्यातून सुटत नाही. साडी नेसून जाऊ नका, पाय दोन्हीकडे टाकूनच बसायचं असतं. उतरताना डावीकडून उतरा, उजवीकडे सायलेन्सर तापलेला असतो.

आमचं हॉटेल बेन थान मार्केटजवळ. निघाल्या निघाल्या त्रुओंग दिन्ह रस्त्यावर मारीअम्मन देवीचं देऊळ लागलं. इथे आलेल्या तमिळ मंडळींनी बांधलेलं, आणि हातात उदबत्त्या घेऊन उभी होती सगळी स्थानिक मंडळी. नणंदेने स्कूटरवरूनच हात जोडले. पुढे एका चौकात पोरीने थांबून ब्राँझचा पुतळा दाखवला, ज्वाळांत बसलेल्या भिक्खूंचा. याच चौकात ११ जून १९६३ ला थिक क्वांग दुक यांनी बौद्धांवरच्या जुलमाविरुद्ध स्वतःला जाळून घेतलं होतं. पायाशी ताजी फुलं होती. ती एवढंच म्हणाली, "माझी आजी पौर्णिमेला इथे फुलं आणायची." पुढचा चौक येईपर्यंत कुणीच काही बोललं नाही.

पहिला थांबा उसाच्या रसाचा. आपल्या रसवंतीसारखंच यंत्र, फक्त घुंगरू नाहीत. आपण आलं-लिंबू घालतो, ते उसाच्या कांड्यांबरोबर 'ताक' नावाची सुपारीएवढी हिरवी लिंबं चरकात सोडतात, सालासकट. त्या सालाचा वास रसात उतरतो आणि गोडवा बेताचा होतो. मी घरी आल्यावर लिंबाची साल किसून घालून पाहिलं, जवळपास तसं होतं.

दुसरा थांबा बान सेओचा. वर सांगितलेला प्रकार घडला तो इथेच, पण त्या बाईच्या हाताबद्दल मला लिहायचंच आहे. गल्लीच्या तोंडाशी चार शेगड्या, चारही कोळशाच्या. त्यावर खोलगट काळे तवे. तांदळाचं पीठ, त्यात हळद आणि नारळाचं दूध. मी वाकून पळीतून धार सोडताना बघितली, आपल्या घावनाच्या पिठाइतकंच पातळ, बोटाला जेमतेम चिकटेल असं. तव्यात तेल, त्यावर दोन-तीन कोळंब्या, आणि मग एका हाताने पीठ ओतता ओतता दुसऱ्या हाताने तवा गोल फिरवायचा. पीठ पडताच जो 'सेओऽ' असा आवाज येतो, तेच पदार्थाचं नाव. मग मोड आलेले मूग, वाफवलेली मुगाची डाळ, आणि झाकण. झाकण काढलं की मधला भाग मऊ, कडा मात्र जाळीदार आणि तांबूस झालेल्या, हाताने मोडली तर पापडासारखी मोडेल. अर्धी घडी घालून ताटात. चार तव्यांवर चार वेगवेगळ्या अवस्था, आणि बाई मान वर न करता एकामागून एक उलगडत होती. माझ्याकडे घावन घालणारी बाई दोन बिडाच्या तव्यांवर काम करते आणि तिला मी फार हुशार समजते. ही चार तवे, तेही कोळशाच्या जाळावर!

खायची रीत अशी की मोहरीचं हिरवंगार पान तळहातावर घ्यायचं, त्यावर सॅलडचं पान, पुदिन्याच्या जातीतले दोन-तीन पाले, त्यात बान सेओचा तुकडा, गुंडाळायचं आणि चटणीत बुडवायचं. मोहरीचं पान नाकात झणझणतं आणि तेलकटपणा एकदम कापला जातो. पाल्यांच्या टोपलीत एका पानाला चक्क कच्च्या माशाचा वास होता. ते नुसतं पानच, मासा कुठेच नाही, पण नणंदेने तेही बाजूला ठेवलं.

तिच्यासाठीचा बान सेओ अळंबी आणि टोफूचा होता, वेगळ्या तव्यावर घातलेला. हे मी बघितलं म्हणून खात्रीने सांगते. पौर्णिमा होती, आणि तिकडे पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी पुष्कळ लोक चाय पाळतात, त्यामुळे त्या दिवशी बऱ्याच गाड्यांवर चायचा वेगळा घाणा असतो. शाकाहारी माणसाने सायगॉनला जायचं असेल तर तिथी बघून जावं. तवा वेगळा ठेवला आणि वाटी मात्र चुकली, हे मला अजून लागतं.

त्यानंतर मात्र पोरगी बदलली. पुढच्या प्रत्येक ठिकाणी आम्हाला बसवायच्या आधी ती स्वतः चुलीपाशी जायची, वाटी उचलून वास घ्यायची, विचारायची, आणि मगच नणंदेसमोर ठेवायची. चटणीऐवजी सोयाबीनचा 'नुओक तुओंग' मागून घ्यायची. नणंदेचं कांदा-लसणाचं ऐकल्यावर तिला काही नवल वाटलं नाही. त्यांच्याकडचे कडक चायवाले कांदा, लसूण, पात सगळंच वर्ज्य करतात. "माझी आजीही नाही खात," ती म्हणाली. तिथून त्या दोघींचं जमलं.

हो थी की हा फुलांचा बाजार. दालातच्या डोंगरातून रात्री ट्रकने फुलं येतात ती इथे उतरतात. पौर्णिमेमुळे तोबा गर्दी. दादरच्या फुलबाजारात दसऱ्याच्या आदल्या रात्री पाय ठेवायला जागा नसते, तसं. शेवंती, झेंडू, कमळाच्या कळ्या. कळ्यांच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडून बसवायचं काम दोन म्हाताऱ्या बायका गप्पा मारत करत होत्या. स्कूटरवरून त्या गल्लीत शिरलं की ओल्या फुलांचा, कोळशाचा, भाजक्या पापडाचा वास एकामागून एक अंगावर येतो. बंद गाडीत काचेमागे बसून यातलं काही मिळणार नाही, आणि पायी तर चार तासांत एवढं शहर व्हायचं नाही.

इथे बान त्रांग नुओंग खाल्लं. बान त्रांग म्हणजे तांदळाचा पातळ पापड. निखाऱ्यावरच्या जाळीवर ठेवून त्यावर लावेचं अंडं फोडतात, कांद्याची पात, सुकट पसरतात, मिरचीचा सॉस घालतात आणि सतत फिरवत भाजतात. नणंदेला नुसता तीळ लावलेला पापड भाजून दिला. तो पापड करायची रीत पोरीने सांगितली तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर फडकं ताणून बांधायचं, त्यावर पिठाची पळी पसरायची, झाकून वाफवायचं, अलगद उचलून बांबूच्या चटईवर उन्हात वाळवायचं. आमच्याकडे फेण्या अशाच करतात, फक्त फडक्याऐवजी पान असतं.

मग चोलोन, चिनी वस्ती. त्या दिवशी आपली कोजागरी आणि त्यांचा 'त्रुंग थू' एकाच चंद्राला आले होते. त्रुंग थू म्हणजे शरदातल्या पौर्णिमेचा सण, लहान मुलांचा. मुलं हातात कंदील घेऊन फिरतात, कमळाच्या, माशांच्या, चांदणीच्या आकाराचे. लुओंग न्यू होक रस्ता सगळा कंदिलांचा. आत स्कूटर घालणं अशक्य होतं, तोंडाशी थांबून बघितलं. लाल कागदातून येणारा तो उजेड आणि बापांच्या खांद्यावर बसलेली पोरं. आमच्या दोघींच्याही घरी तेव्हा आकाशकंदिलाची तयारी सुरू होती.

चोलोनमध्येच एका चायच्या खानावळीत नणंद पोटभर जेवली. बुन ह्युए, तेही चायचं. ह्युए ही जुनी राजधानी, तिथला हा गवतीचहा आणि मिरचीचा झणझणीत रस्सा. मुळात तो गोमांसाच्या हाडांचा आणि कोळंबीच्या खाऱ्याचा, इथे अळंबी, अननस, टोफू घालून केलेला. त्यात बुन, म्हणजे तांदळाच्या गोल पांढऱ्या शेवया. तिने चॉपस्टिकने एक शेव उचलून तोंडात घातली आणि एकदम मालवणीत म्हणाली, "अगो वयनी, हे तर आपले शिरवाळे!"

खरंच शिरवाळे. उकडलेल्या पिठाचे गोळे साच्यात घालून दाबले की जो मऊ, किंचित रबरी धागा पडतो, तोच. आम्ही गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातो, ते तिखट रश्श्यात. तिने मग पोरीला शिरवाळ्याचा लाकडी साचा हातवारे करून दाखवला. एक जण दांडा दाबतो, दुसरा खाली ताट फिरवतो. पोरगी म्हणाली, तिच्या आजोळी मेकाँगच्या खोऱ्यात असाच साचा होता.

शेजारच्याच गाडीवर मी कोम ताम खाल्लं. ताम म्हणजे कणी. गिरणीत तांदूळ सडताना जी तुटते ती. विकायचा अख्खा तांदूळ, घरी खायची कणी, असं तिथल्या गरिबांचं चालायचं, आणि आता त्याच कणीचा भात हे सायगॉनचं मानाचं जेवण. लोक बहुतेक डुकराच्या भाजलेल्या बरगड्यांबरोबर खातात. मी ते खात नाही म्हणून मला भाजलेली कोंबडी दिली, वर कांद्याच्या पातीचं गरम तेल, काकडी, गाजराचं लोणचं. भात मोकळा आणि तरी ओलसर, दाणा लहान असल्याने रस आतपर्यंत जिरलेला. माझ्या आईने आम्हाला कण्यांची पेज घालून वाढवलं. शाळेत कुणी विचारलं तर आम्ही भात खाल्ला म्हणून सांगायचो. त्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून कणीचं ताट पुढे आल्यावर मला आईची आठवण आली, आणि ती आता हे बघायला नाही याचं वाईट वाटलं. खाणावळीत आता आठवड्यातून एकदा कणी करते. गिऱ्हाईक मागून घेतं.

चोलोनमधून निघालो आणि पाऊस आला. तिकडचा ऑक्टोबरचा पाऊस आपल्या वळवासारखा, क्षणात धो-धो. मुलींनी डिकीतून रेनकोट काढले. एकाच रेनकोटला दोन डोक्यांची भोकं, पुढचं चालवणारीचं, मागचं आपलं! अंग सगळं झाकलं जातं, फक्त पावलं भिजतात. चपला रबरी घाला, कापडी बूट नकोत. मोबाइलला दिलेली प्लास्टिकची पिशवी मात्र फाटकी होती, ती घरूनच न्या.

कालव्याच्या कडेने क्वान चारला गेलो. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने हे क्वान म्हणजे शहरांतले विभाग मोडीत काढले आणि आजूबाजूचे दोन प्रांत हो चि मिन्ह शहरात घेतले, तरी बोलताना सगळे 'क्वान चार', 'क्वान दहा' असंच म्हणतात. तसं तर १९७६ साली शहराचं नाव बदललं आणि लोक अजून सायगॉन म्हणतातच.

विन खान रस्ता म्हणजे ओकचा बाजार. ओक म्हणजे शंखातले जीव, आणि त्याबरोबर सगळ्या शिंपल्या. परातींत पाण्यात जिवंत ठेवलेले, बोटाने दाखवायचं आणि कसं करून हवं ते सांगायचं. इथे मी कुडाळची झाले. गवतीचहात वाफवलेल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या, वाफ धरायला झाकण आणि खाली उरलेलं खारट-आंबट पाणी वाटीने प्यायचं. भाजलेल्या शिंपल्यांवर कांद्याच्या पातीचं तेल आणि भरडलेले शेंगदाणे. ओक हुओंग नावाचे ठिपक्यांचे शंख तिखट-मिठात परतलेले, सुईने पिळा देऊन आतला जीव अख्खा ओढून काढायचा. नारळाच्या दुधात शिजवलेले लांबट ओक लेन, ते तोंडाला लावून जोरात ओढायचे. मी एकही तुटू न देता ताट संपवलं तेव्हा शिजवणारी बाई बघायला आली. शिंपलं उघडलं की लगेच काढायचं, क्षणभर जास्त झालं तर चामडं होतं, हे तिला बरोबर माहीत होतं. वाळूचा एक कण दाताखाली आला नाही.

टूरमध्ये इथे दोनच प्रकार धरलेले होते, बाकीचे मी माझ्या पैशांनी मागवले, ३ लाख २० हजार डाँग. ५ लाखाची आणि २० हजाराची नोट दोन्ही निळसर असतात, रात्रीच्या उजेडात देताना शून्यं मोजून द्या.

इथेच एक गोष्ट आवडली नाही, पण ती आमच्या टूरची नव्हे. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कुठल्याशा टूरची मंडळी होती. त्यांच्या गाइडने गर्भ धरलेलं बदकाचं उकडलेलं अंडं, होत वित लोन, मध्ये ठेवलं आणि कोण खाऊन दाखवतो अशी पैज लावली. सगळ्यांचे मोबाइल वर, किंचाळणं, थुंकणं. दोन हातांवर एक कामगार तेच अंडं, मीठ-मिरी-लिंबू आणि राऊ राम नावाच्या पाल्याबरोबर शांतपणे खात होता. त्याने मान खाली घातली. त्यांच्याकडे ते ताकदीचं खाणं आहे, वाईट दिवस सरावेत म्हणूनही खातात. मी ते खाल्लं नाही, खाणारही नाही. पण कुणाच्या रोजच्या घासाचा असा तमाशा करू नये. आमच्या पोरीने आधीच विचारलं होतं, हवंय का, नको म्हटल्यावर विषय संपला. गाइड निवडताना हे जरूर विचारा.

नणंद तोवर शहाळं घेऊन जरा लांब बसली होती. वास तिला सोसवत नाही. दुसरी स्कूटरवाली मुलगी न सांगता तिच्याजवळ जाऊन बसली होती. शाकाहारी माणसाला शेवटचा पाऊण तास असा काढावा लागतो. टूरवाल्यांनी चायचा वेगळा रस्ता आखावा असं मी त्यांना लिहिलं आहे. सहा थांबे हेही जास्तच होतात. पाचव्यापर्यंत पोट भरतं आणि कणीसारख्या पदार्थाला न्याय मिळत नाही. दुपारी जेवू नका, नुसता चहा घ्या.

दहा वाजून गेले तेव्हा हॉटेलपाशी सोडलं. पाऊस थांबला होता. पोरीने डिकीतून एक डबी काढून नणंदेच्या हातात दिली. चोलोनच्या चायच्या खानावळीतून तिने गुपचूप घेतली होती. आत बान येओ, पौर्णिमेची पांढरी वडी, भाजलेल्या चिकट तांदळाच्या पिठाची, आत मुगाचं सारण. "यात अंडं नाही, को. मी तीनदा विचारलं."

नणंदेने पर्समधून घरून आणलेली दूधमसाल्याची पुडी काढली. कोपऱ्यावर कॉफीची गाडी होती. तिथे ताजं दूध नव्हतं, कॉफीत घालतात ते आटवलेलं डब्यातलं दूध होतं. ते गरम पाण्यात ढवळून घेतलं, वर बदाम-पिस्ता-वेलची-केशराचा मसाला. चार कागदी पेले, चौघी फूटपाथवर. ढग होते, म्हणून नणंद पेला हातात धरून थांबली, आणि ती थांबली म्हणून मुलीही थांबल्या. पाच-सात मिनिटांनी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चंद्र आला. तिने नैवेद्य दाखवला, मग प्यायलो.

आमच्या पोरीने पहिला घोट घेतला, पेल्यात नाक घातलं आणि विचारलं, "हा वास आमच्या फोच्या रश्श्याच्या मसाल्यातला आहे. मोठी काळी असते ती. ही तिची धाकटी बहीण का?"

नणंदेने उरलेली पुडी तिच्या हातात ठेवली.